सात लिटर पाणी

तद्रार्त लाल आहे. हे आधीच सांगून टाकतो,
कारण मामाच्या एकाही फोटोत ते तुम्हाला सापडणार नाही.
सकाळी गेरू, दुपारी भाजकी वीट,
मावळतीला खरचटलेल्या गुडघ्यासारखा लाल.
आणि खामादीनमामा त्याचे काढतो
राखेचे, कोळशाचे, धुराचे फोटो.

कॅमेरा तेलवाल्यांनी टाकून दिलेला.
तेल लागलं नाही, त्यांचे तंबू उठले,
मागे राहिली तीन पायांची घोडी, एक भिंग
आणि मामाच्या डोक्यात शिरलेलं हे खूळ.
घोडी मी वाहतो. जानेतपासून दोन दिवस,
गाढवाच्या सावलीत जेवढा मावेन तेवढा मावत.

मामा कमानीसमोर बसून राहतो.
उधारी वसूल करायला आलेला माणूस बसतो तसा:
तोंडातून शब्द नाही, उठायचं नाव नाही.
ऊन खडकावरून एक बोट सरकतं.
अजून एक.
मग खट्.
"झालं?"
"बघू."

भिंगावर लाल काच चढवली
की भरदुपारचं आभाळ तव्यासारखं काळं पडतं
आणि खडक आतून दिवा लावल्यासारखे उजळतात.
शेजारच्या पोरानं विचारलं होतं, ही रात्र का?
मामा म्हणाला, दुपार.
त्या दुपारी माझ्या चपलेचा तळ वितळला होता.

रात्री आईच्या तंबूत काम चालतं.
गाडीची बॅटरी, तीन तसराळी,
टॉर्चच्या तोंडाला बांधलेला जुन्या तंबूच्या
लाल कातड्याचा तुकडा.
"या कागदाला लाल दिसत नाही," मामा सांगतो,
"म्हणून लाल उजेडात त्याला उघडं ठेवता येतं."
म्हणजे आपला अख्खा मुलूख
याच्या लेखी अंधारच की, मी हसलो.
मामा हसला नाही. तसराळं हलवत राहिला.

पाणी आईच्या ताब्यात.
लेम्तूनाचा हिशेब पक्का: एका फोटोला सात लिटर,
गेल्ता दीड तासाच्या चढावर,
आणि धुतलेलं पाणी शेळ्यांनाही चालत नाही.
एक करडू चाटून आलं होतं,
तीन दिवस मान टाकून पडलं.
"कोरड्या दगडाला आंघोळी घाल तू," ती म्हणते,
आणि कॅनचं झाकण आवळते.

पण कमानीचा फोटो तिनं हातात घेतला
आणि बराच वेळ दिला नाही.
खाली जिथं सावली साचली होती
तिथं अंगठा ठेवून म्हणाली,
"दुष्काळात अकरा महिने आपण इथं होतो.
ताभाउत इथं झाली.
इथंच ठेवली तिला, त्या बाजूला.
तू सगळं काळं करून टाकलंस."
"सावलीत काही आलंच नाही," मामा म्हणाला.
"तुझ्या काचेला नसेल आलं."

ताभाउत. हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होतो.

त्या रात्री मामानं तोच फोटो पाच वेळा काढला.
उजेड आणि कागद यांच्यामध्ये तळहात धरायचा,
सावलीवर फक्त, आणि हलवत राहायचा,
आधणाची वाफ बाजूला सारावी तसा.
थांबला की हाताचीच सावली उमटते.
दुसऱ्या फोटोत चार बोटं आली होती.
तिसरा पांढराफटक. चौथ्याला बॅटरीनं दगा दिला.
पाचवा औषधात हळूहळू वर आला:
आधी कमानीची कड, मग आभाळ,
सगळ्यात शेवटी, काळ्याच्या पोटात,
काहीतरी करडं.

आईनं टॉर्च जवळ घेतला.
"ही चूल," ती म्हणाली. "हे तीन दगड."
मला नुसती रवाळ भुकटी दिसत होती.
मामा माझ्याकडे बघत होता, मी हो म्हणावं म्हणून.
मी काहीच म्हणालो नाही.
आईनं कॅनचं झाकण काढलं
आणि न मोजता ओतायला लागली.

सकाळी फोटो दोरीवर, माझ्या सदऱ्याशेजारी.
वारा आला. ओल्या कोपऱ्याला
वाळूचे चार-पाच कण चिकटले.
लाल.
मामा वैतागून, फोटो मांडीवर घेऊन,
ते नखानं काढत बसला.